भाऊसाहेबांची लाल वही

तीन आठवड्यांपूर्वी रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. एरवी तिचा फोन रविवारी सकाळी येतो, तोही "आत्या, वालाला मोड यायला किती वेळ लागतो गं?" असल्या चौकशीसाठी. मधल्याच वारी आणि एवढ्या उशिरा फोन वाजला की माझ्या काळजात उगाच धस्स होतं. पण तब्येती वगैरे सगळ्यांच्या ठीक होत्या. तिला नुसतं कुणाशी तरी बोलायचं होतं.

ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस ॲनालिस्ट आहे. हे नक्की काय काम असतं ते समजायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी लोकांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगायचे. आता समजलंय ते असं, की ज्यांना सॉफ्टवेअर हवं असतं त्यांना ते कसं लिहितात हे माहीत नसतं, आणि जे लिहितात त्यांना समोरच्याचं काम माहीत नसतं. या दोघांच्या मधला दुभाषी म्हणजे ही. यांची एक आंतरराष्ट्रीय संस्थाही आहे, २००३ साली टोरांटोला स्थापन झालेली. त्यांचं एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक आहे आणि परीक्षा असते. ती परीक्षा भाची चांगल्या मार्कांनी पास झाली आहे. पण परीक्षेत भिवंडीचा सुपरवायझर येत नाही!

सध्या तिच्याकडे भिवंडीच्या एका मोठ्या गोदामाचं काम आहे. माल कधी आला, कुठल्या फळीवर ठेवला, कुठल्या गाडीत चढवला, हे सगळं नव्या प्रणालीत बसवायचंय. तिथे एक सुपरवायझर आहेत. एकोणीस वर्षं झाली त्यांना. सगळं गोदाम त्यांच्या डोक्यात. आणि ते बोलतच नाहीत. मीटिंगला बोलावलं की "गाडी लागलीय मॅडम". ऑनलाइन आले तर कॅमेरा बंद. काही विचारलं की "बरोबर आहे मॅडम, तुम्ही म्हणाल तसं". असे चार महिने गेले. शेवटी हिच्या मॅनेजरने वरच्यांना कळवलं. वरून दट्ट्या आला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आले, दोन तास बसले आणि प्रत्येक गोष्टीला हो म्हणून निघून गेले.

"आत्या, नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. या हो म्हणणाऱ्या माणसाचं काय करू?"

मला एकदम आमचे भाऊसाहेब आठवले.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेवर संचालक होते. महिला राखीव जागेवर. म्हणजे काय ते जाणकारांना सांगायला नको. चहा, सह्या, आणि वार्षिक सभेत आभार मानायचं काम माझ्याकडे. अशी संस्था कशी चालते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. सभासद शिक्षक दरमहा वर्गणी भरतो, गरज पडली की दोन सहकारी जामीनदार घेऊन कर्ज काढतो. संस्था दर महिन्याला प्रत्येक शाळेला मागणी यादी पाठवते, की अमक्याकडून इतकी वर्गणी, इतकं मुद्दल, इतकं व्याज. सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे ते पगारातून कापून घेता येतं. शाळा सगळ्यांची मिळून एका रकमेचा चेक आणि कपात यादी पाठवते. मग संस्थेत ते पैसे सभासदाच्या नावावर पडतात. कीर्द, खतावणी, महिनाअखेर तेरीज, वर्षाअखेर ताळेबंद. हे सगळं पंचवीस-सव्वीस वर्षं एकटे भाऊसाहेब बघत होते. हुद्दा मुख्य लेखनिक. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं एक लाल.

२००३ साली सभेत ठराव झाला की संस्थेचं संगणकीकरण करायचं. (तेव्हा हा शब्द फार जोरात होता.) कंपनीकडून एक मुलगी आली, असेल चोवीस-पंचवीसची. सिस्टीम ॲनालिस्ट. तिने भाऊसाहेबांना विचारायचं, कामाची पद्धत लिहून काढायची, मग कंपनीतली मुलं प्रोग्रॅम लिहिणार. तीन आठवड्यांचं काम धरलं होतं.

तीन आठवड्यांनी तिच्या वहीत अडीच पानं होती. भाऊसाहेब उद्धटपणा करत नव्हते. तिला खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे. पण उत्तर एकच, "रजिस्टरात आहे, बघा."

शेवटी तिने अध्यक्षांकडे तक्रार केली. करायला नको होती, पण तिच्यावरही तारीख होती. अध्यक्षांनी शनिवारच्या बैठकीत भाऊसाहेबांना सगळ्यांसमोर उभं करून सुनावलं. आठ दिवसांत सगळी माहिती द्या, नाहीतर आम्हाला विचार करावा लागेल वगैरे. भाऊसाहेब "हो साहेब" म्हणाले. सोमवारी मुलगी आली तर तिच्या टेबलावर त्रेचाळीस रजिस्टरं रचून ठेवलेली. वर धूळ पुसायचा फडकासुद्धा. "घ्या मॅडम. साहेबांनी सगळी माहिती द्यायला सांगितलीय. यात सगळं आहे."

तुम्ही हसाल. आम्ही संचालकही हसलो होतो. मुलगी मात्र बाहेरच्या बाकावर येऊन रडकुंडीला आली होती.

आमचे हे बँकेत होते, आणि युनियनचे. त्यांना मी हा किस्सा सांगितला तर ते अजिबात हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे मशीन यायचं ठरलं तेव्हा आम्हाला नाही म्हणायला टेबल होतं. तुमच्या भाऊसाहेबांना कुठलं?" बँकांमध्ये संगणक सहजासहजी आलेला नाही. नोकऱ्या जातील म्हणून मोठा विरोध होता. १९८३ साली बँकांची संघटना आणि कर्मचारी युनियन यांच्यात करार झाला, किती मशिनं, कुठे, कशासाठी, हे त्यात ठरलं. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. पुढे शाखांत जी यंत्रं आली त्यांना लेजर पोस्टिंग मशीन म्हणत. कॉम्प्युटर म्हटलं की लोक बिथरतील म्हणून हे सोवळ्यातलं नाव, असं हे गमतीने सांगत. करार पुन्हा १९८७ ला झाला, १९९३ ला झाला. दर वेळी दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. एकटा माणूस मात्र साहेबाला नाही म्हणू शकत नाही. मग तो हो म्हणतो आणि रजिस्टरं काढून देतो.

त्या मुलीला मी त्या दिवशी घरी चहाला नेलं. मला तिच्या कामातलं काही कळत नव्हतं, पण बोलत नसलेल्या माणसाला बोलतं करायचं थोडं कळत होतं. पस्तीस वर्षं शाळेत काढायची होती, त्यातली बरीच काढून झाली होती. शिवाय आम्हा शिक्षकांना जनगणनेचं काम असतं. १९८१ ला मी खेड्यात होते. प्रश्न असायचा, गेल्या वर्षात काही काम केलंत का? बाई दारात उभी, हाताला निंदणीचा चीक, आणि उत्तर "नाही हो, घरीच असते." नवराही आतून ओरडायचा, "ती काही करत नाही, लिहा." पुस्तिकेप्रमाणे विचारलं तर कागदावर तेच यायचं. मी आणि माझी एक सहकारी मग विचारायला लागलो, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?" की सुरू! शेण, पाणी, भाकरी, भांगलण, दूध डेअरीला. १९९१ च्या जनगणनेत तो प्रश्नच बदलला. शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरून विचारायचं, असं त्या प्रश्नातच घातलं होतं. कुणातरी वरच्या माणसाला हे उमगलं याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता.

मुलीला म्हटलं, "तू त्यांना पद्धत विचारतेस. पद्धत कुणालाच सांगता येत नाही. मला कुणी विचारलं शिकवण्याची पद्धत काय, तर मीही बी.एड.च्या पुस्तकातलंच सांगेन. महिन्याच्या पाच ते दहा तारखेला ये. तेव्हा शाळांचे चेक येतात, भाऊसाहेबांना श्वास घ्यायला फुरसत नसते. काही विचारू नको. याद्या लावून दे नुसत्या."

हे मी काही फार हुशारीने सांगितलं नव्हतं. मुलांना अबोल विद्यार्थ्याबरोबर फळा पुसायला, वह्या वाटायला लावलं की तो दोन दिवसांत बोलतो, एवढाच अनुभव.

ती आली. पाच दिवस तिने कपात याद्या शाळावार लावल्या, बेरजा ताडून दिल्या, टाचण्या टोचल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की मागणी यादी आणि कपात यादी कधीच जुळत नाही. कुणाचा पगार अर्धा झालेला, कुणाचा झालाच नाही, कुठल्या शाळेच्या लेखनिकाने एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावापुढे लिहिलेले. भाऊसाहेब यादीवर नुसती नजर टाकून सांगत, "ह्या बाईंचं आधी व्याज घ्या, मुद्दल पुढल्या महिन्यात. हे सर बदलून गेलेत, ही रक्कम त्यांची नव्हे." हे कुठल्याही रजिस्टरात नव्हतं. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "भाऊसाहेब, हे तुम्हाला कसं कळतं?" आणि मग भाऊसाहेब बोलायला लागले ते संध्याकाळी सातपर्यंत.

पुढे तिने सगळं लिहून काढलं. साठ पानं, इंग्रजीत. भाऊसाहेबांसमोर सहीला ठेवलं. त्यांनी एकही पान न उलटता शेवटच्या पानावर सही केली. मुलगी शहाणी होती. ती सही तिने घेतली नाही. पुढच्या आठवड्यात चार कागदांवर मराठीत, त्यांच्याच शब्दांत, कीर्द म्हणजे कीर्द आणि तेरीज म्हणजे तेरीज, असं लिहून आणलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. भाऊसाहेबांनी लाल पेन काढलं. सतरा चुका निघाल्या. मी तिथे होते. पंचवीस वर्षांत त्यांना कुणी काही वाचून दाखवलं नसावं. अंगात वारं संचारल्यासारखे दुरुस्त्या सांगत होते.

(यावरून आठवलं. २०१७ साली सरकारने संगणकावर चढवलेल्या सातबाऱ्यांचं गावोगाव चावडी वाचन केलं होतं. मी तेव्हा माहेरी गेले होते. तलाठी एकेक सातबारा वाचत होते आणि लोक मधेच उठून "अहो, ते नाव आजोबांचं, ते जाऊन वीस वर्षं झाली" असं सांगत होते. माझ्या भावाच्या उताऱ्यातही क्षेत्र चुकलं होतं. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळायला लागले. आता लोक फोनवर सातबारा काढतात, पण त्यामागे चावडीतला तो गलका आहे. भाची म्हणते, आमच्यात याला वॉकथ्रू म्हणतात. म्हणोत.)

भाचीला त्या रात्री फोनवर मी एवढीच गोष्ट सांगितली. म्हटलं, तुझ्या त्या सुपरवायझरना मीटिंगला बोलावू नकोस, त्यांच्या पाळीला तू जा. सगळ्यांत जास्त गर्दी कधी असते? तर म्हणाली, रात्री. म्हटलं, मग रात्री जा, कुणाला तरी सोबत घेऊन.

तिला ते पटलं. तिने मला एक तक्ताही पाठवला. त्यांच्यात असतो म्हणे, चार चौकटींचा. एका बाजूला कुणाचा अधिकार किती, दुसऱ्या बाजूला कुणाला त्या कामात रस किती. त्यावरून कुणाला किती विचारायचं ते ठरतं. ती या सगळ्यांना स्टेकहोल्डर म्हणते. वर्तमानपत्रं हल्ली त्याचं भाषांतर "भागधारक" करतात, ते वाचून माझ्यातली मराठीची बाई जागी होते. भागधारक म्हणजे ज्याने शेअर घेतलाय तो. आमच्या भाऊसाहेबांच्या नावावर संस्थेचा एक शेअरही नव्हता. आणि त्या तक्त्यात मी त्यांना बसवून बघितलं, तर अधिकार काहीच नाही, नव्या कामात रसही नाही, म्हणजे ते अगदी खालच्या कोपऱ्यात गेले. तिथे लिहिलं होतं, "नुसतं लक्ष ठेवा". ज्याच्यावाचून सगळं अडलंय तो माणूस कुठे बसवायचा, याला त्या तक्त्यात चौकटच नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढची मी तिला सांगितली नव्हती, कारण तिच्यात मी आहे.

चार कागद दुरुस्त झाल्यावर महिन्याभरात आरंभीच्या शिलकी भरायचं काम आलं. म्हणजे ३१ मार्चला प्रत्येक सभासदाचं काय येणं, काय देणं, ते एकेक करून संगणकात घालायचं. अनामत खात्यावर एक ठोक रक्कम होती. ती कुणाकुणाची, हे मुलीला हवं होतं. भाऊसाहेब पुन्हा गप्प झाले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाच्या मागून एक लाल पुठ्ठ्याची वही काढली.

आमच्या सभासदांत काही शिक्षक अशा शाळांतले होते, की जिथे पगार तीन-तीन महिने व्हायचा नाही. हप्ता चुकला की थकबाकीदारांच्या यादीत नाव, मग जामीनदाराच्या पगारातून कपात. एकाच शाळेतली माणसं एकमेकांना जामीन. एकाचं नाव लागलं की चार घरांत भांडणं. भाऊसाहेब काय करत, तर ज्या शाळांकडून चुकून जास्त रक्कम यायची, ती अनामत खात्यावर राहायची, त्यातून या लोकांचे हप्ते तात्पुरते भरल्याचे दाखवायचे. पगार झाला की ते पैसे परत अनामतला. लाल वहीत पै न् पैचा हिशोब होता. कुणाचे घेतले, कुणाला लावले, कधी परत आले. स्वतःच्या खिशात एक रुपया नाही. पण एकाचे पैसे न विचारता दुसऱ्याला लावणं हे कुठल्याही कायद्यात बसत नाही, आणि हे भाऊसाहेबांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. एवढ्यासाठी ते "रजिस्टरात आहे" म्हणत होते.

वही हातात घेऊन मुलगी म्हणाली, "भाऊसाहेब, काही होणार नाही. मी आहे ना."

मनापासून म्हणाली. पण ती कोण होती? तिला पगार कंपनी देत होती, कंपनीला पैसे संचालक मंडळ देत होतं, आणि आकडे तर भरायलाच हवे होते. न भरता तेरीज जुळली नसती. तिने नावं न घालता, नुसता नियम म्हणून लिहायचा प्रयत्न केला: पगार लांबल्यास हप्त्याला सवलतीची मुदत असावी. मला दाखवलं. मी म्हटलं, छान आहे, मी बैठकीत मांडते.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, हे आत्ता कुठून उपटलं? अनामत खात्याचा विषय निघाला. पाच मिनिटांत सगळं बाहेर. "पंचवीस वर्षं हा माणूस आम्हाला फसवत होता" इथपर्यंत भाषा गेली. फसवत नव्हता हे मला माहीत होतं. वही मी स्वतः बघितली होती, दोन पानांच्या बेरजाही करून बघितल्या होत्या. "बाई, तुमचं काय मत?" असं कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाच्या विचारण्याची वाट बघत बसले. चहा आला. चहा घेतला. घरी आले.

पुढच्या बैठकीला मात्र मी लेखी ठराव घेऊन गेले. पगार लांबल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला आणला तर दोन महिने थकबाकीत नाव धरू नये. जरा वादावादी झाली, पण दोघा-तिघांच्या शाळांत तीच परिस्थिती होती, त्यांनी उचलून धरलं. ठराव पास झाला, प्रोग्रॅममध्येही बसला. त्या शिक्षकांचं भलं झालं. भाऊसाहेबांचं नाही. त्यांना खुलासा मागणारी नोटीस तोवर गेली होती. लेखापरीक्षणात शेरा आला, दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागला. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी सात महिने अडकली. त्यात मुलीच्या लग्नाचा हॉल ठरलेला. शेवटी मिळाली सगळी, पण पहिल्या बैठकीत मी तोंड उघडलं असतं तर कदाचित नोटीस निघालीच नसती. कदाचित निघालीही असती. पण मी उघडलं नाही, हे काही बदलत नाही.

ती मुलगी त्याआधीच कंपनी सोडून गेली. भाऊसाहेबांना भेटायला एकदा आली होती म्हणे, ते घरी नव्हते.

पुढे दोनेक वर्षांनी भाऊसाहेब मला दत्ताच्या देवळाबाहेर भेटले. मीच विषय काढला, चुकीची कबुली दिली. ते त्यावर काहीच बोलले नाहीत, ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या मुलीबद्दल मात्र बोलले. "मुलगी गुणी होती बाई. याद्या काय सुरेख लावायची. फक्त तिनं 'काही होणार नाही' म्हणायला नको होतं. 'बघते काय होतं ते' म्हणाली असती, तरी मी वही दिली असती."

परवा भाचीचा पुन्हा फोन आला, पुन्हा रात्री. ती गोदामावर तीन रात्री जाऊन आली. पहिल्या रात्री सुपरवायझर "मॅडम, तुम्ही इथं कशाला, मच्छर आहेत" म्हणाले. दुसऱ्या रात्री त्यांनी तिला फाटकावर बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला त्यांनी तिला ते सांगितलं, जे चार महिने सांगत नव्हते. गाडी ठरलेल्या वेळेनंतर आली की वाहतूकदाराच्या बिलातून दंड कापतात, आणि वाहतूकदार तो ड्रायव्हरच्या फेरीच्या पैशांतून कापतो. मानकोलीच्या कोंडीत गाडी तीन-तीन तास अडकते, त्यात ड्रायव्हरचा काय दोष? म्हणून हे फाटकावरच्या वहीत अर्धा-पाऊण तास अलीकडची वेळ लिहितात. सगळ्यांची नाही. कोण खरं अडकलं आणि कोण ढाब्यावर झोपला होता, ते चेहरा बघून कळतं म्हणे. नव्या प्रणालीत गाडी फाटकात शिरली की वेळ आपोआप पडणार.

"आत्या, आता हे लिहू की नको? लिहिलं तर त्यांची नोकरी जाईल. नाही लिहिलं तर प्रणाली सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात ड्रायव्हर मरतील, आणि त्यांनाही कळेलच."

मग मी तिला उरलेली गोष्ट सांगितली. बैठकीतल्या चहासकट.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी त्यांना सांगून आलेय गं, की काळजी करू नका म्हणून."

म्हटलं, आधी परत जा आणि ते शब्द मागे घे. काय लिहिणार आहेस ते त्यांच्यासमोर वाचून दाखव, ते नको म्हणाले तर काय करायचं तेही त्यांच्यासमोरच ठरव. कोंडीत अडकलेल्या गाडीला सवलत मिळण्याचा नियम आधी वर नेता येतो का बघ, जुन्या वहीचं नाव न काढता. आणि वर तुझ्या बाजूने बोलणारं एक माणूस आधी शोधून ठेव. पण माझ्यासारखं नको, पहिल्याच बैठकीत बोलणारं हवं.

"असं माणूस मिळेल का?"

"बघ," म्हटलं.

मंगळवारी रात्री ती पुन्हा जाणार आहे. ओडोमॉस आठवणीने घेऊन जा, एवढं मात्र सांगितलंय.